चिप यायच्या आधी

तिला आमच्या कंपनीत सगळे घाईबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर ताई. ते नाव मीच पाडलं होतं, तेव्हा आधी एवढं कबूल करून टाकतो.

आमची कंपनी कानातल्या यंत्रांच्या चिप बनवते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतं ते यंत्र, शर्टाच्या बटणापेक्षा लहान बॅटरीवर चालणारं. इमारत दोन मजली. वर आम्ही, चिपचा आराखडा करणारे. खाली सॉफ्टवेअरवाले. मध्ये जिना, आणि त्या जिन्यावरून दीड-दोन वर्षांतून एकदा चारशे पानांची फाइल खाली जायची. पद्धतच तशी होती. आम्ही दीड वर्ष खपून आराखडा करायचा, तो कारखान्याला पाठवायचा, चार महिन्यांनी चिप बनून यायची, आणि मग कुठे खालच्यांनी फाइल उघडून तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर लिहायला घ्यायचं. तोवर ते जुन्या चिपमधल्या चुका निस्तरत बसायचे. चुका बहुतेक आमच्या. चिप एकदा बनली की तिच्यातली तार हलवता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ठिगळं लावून ती चूक झाकायची त्यांनी. आम्हाला त्यात वावगं वाटायचं नाही. वरचं पाणी खालीच जाणार, असं आपलं आमचं मत.

ती आली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. त्याआधी पंधरा वर्षं वॉशिंग मशीनच्या कंपनीत प्रोग्राम लिहीत होती. बुटकी, केस बारीक कापलेले आणि अर्धे पांढरे, आणि चाल अशी की समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं. नोकरीच्या आठव्या दिवशी ती जिना चढून वर आली आणि आमच्या मुख्य साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

“नव्या चिपचा आराखडा हवाय.”

“झाला की फाइल येईल खाली,” साहेब म्हणाले.

“झालेला नकोय. अर्धा आहे तसाच द्या.”

“अहो, अर्ध्याचं करणार काय?”

“सॉफ्टवेअर लिहायला घेते.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. माणूस हुशार, पण स्वतःच्या हुशारीला प्रेक्षक लागायचे. “चिप यायला अजून वर्ष आहे, ताई. बाजारात तुरी...” एवढंच म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. उरलेली म्हण आम्ही पुरी केली आणि खो खो हसलो.

“हसा,” ती म्हणाली. “पण तुरी बाजारात आल्यावर कळलं की किडक्या आहेत, तर? मागच्या कंपनीत पाणी किती भरलं ते मोजायची तार चिपमध्ये भलत्याच टोकाला जोडली होती. मला कळलं तेव्हा चाळीस हजार चिप बनून आल्या होत्या. सहा महिने मी त्या एका तारेपायी सॉफ्टवेअरमध्ये नाक घासत होते. आता नाही घासणार.”

साहेबांनी आराखडा दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर ती वरच्या मजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी, टेबल मांडून बसलेली. वॉचमनच्या मदतीने तिने ते जिन्यावरून ओढत आणलं होतं. भिंतीचा रंग दोन ठिकाणी खरवडला होता.

“हे काय?” साहेब.

“खाली जागा कमी पडत होती.”

खाली सहा टेबलं रिकामी होती. साहेब म्हणाले, टेबल खाली न्या. ती म्हणाली, लेखी द्या. लेखी द्यायचं तर कारण लिहावं लागणार, आणि ‘सॉफ्टवेअर लिहिणारी बाई सॉफ्टवेअर लिहू पाहते’ हे कारण कागदावर कसं उतरवणार? टेबल तिथेच राहिलं. त्या दुपारी मी तिचं घाईबाई असं नामकरण केलं.

जागा तिने हेरून निवडली होती. तहान कोणाला लागत नाही? जो पाणी प्यायला येईल त्याला ती धरायची. “तुझ्या भागाला एक आकडा घ्यायला किती ठोके लागतात?” ठोका म्हणजे चिपच्या आतल्या घड्याळाची टिकटिक, सगळी कामं त्या ठोक्यांत मोजतात. सुरुवातीला लोक उडवून लावायचे. मग सांगायला लागले, कारण न सांगता पाणी मिळत नव्हतं. सांगितलेलं ती टिपून घ्यायची आणि आपल्या संगणकात आमच्या चिपची नक्कल रचायची. म्हणजे एक प्रोग्राम, आमच्या चिपसारखाच वागणारा, तितकेच ठोके घेणारा. ती त्याला खोटी चिप म्हणायची. त्या खोट्या चिपवर ती खरं सॉफ्टवेअर चालवून बघायची. आम्ही आराखड्यात काही बदललं की संध्याकाळपर्यंत तिची खोटी चिपही बदललेली असायची.

पहिल्या दोन महिन्यांत तिने आमच्या चार चुका काढल्या. त्यातली एक अशी, की माझ्या भागाला आणि शेजारच्याच्या भागाला आम्ही एकच पत्ता दिला होता. चिप बनून आली असती तर दोघेही एकाच हाकेला ‘ओ’ देत बसलो असतो. आम्ही गुपचूप दुरुस्त केलं. आभार कोणी मानले नाहीत. मी तर नाहीच.

मग बॅटरीचं प्रकरण निघालं.

तिची आई तिच्याजवळच राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून निवृत्त झालेली, आणि आता दोन्ही कानांनी अधू. यंत्र होतं, पण असायचं कपाटाच्या खणात. कारण त्याची बॅटरी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागायची, आणि म्हातारीची बोटं थरथरायची. ती बारकी चकती बोटांतून निसटून पलंगाखाली जायची आणि म्हातारी वाकू शकायची नाही. “ती वस्तू माझ्या आधी दमते,” म्हणायची. त्यामुळे ताईने पहिल्या दिवसापासून एकच आकडा धरून ठेवला होता: एक बॅटरी, एक आठवडा. हे तर कंपनीनेही कागदावर लिहिलं होतं. फक्त ते खरं होईल का, हे चिप यायच्या आधी तपासायची कोणाला सवय नव्हती.

तिने खोट्या चिपवर हिशोब मांडला. उत्तर आलं, अडीच दिवस.

कारण तिने मला फळ्यावर समजावलं. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढायचा तर आवाजाचे बारीक तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्याचे एकशे अठ्ठावीस आकडे घेऊन गणित करतात. त्या गणिताची खोड अशी, की उत्तरं उलटसुलट क्रमाने पडतात. ती जागेवर लावावी लागतात. आमच्या चिपमध्ये हे काम मुख्य प्रोसेसर करणार होता, एकेक आकडा उचलून.

“स्वयंपाक दहा मिनिटांचा आणि भांडी लावायला अर्धा तास,” ती म्हणाली. “सगळी वीज त्या भांड्यांत जातेय. आकड्याचा पत्ता उलटा वाचला की त्याची खरी जागा मिळते. त्याला प्रोसेसर कशाला हवा? सात तारा उलट्या क्रमाने जोडायच्या, आणि आकडे आपले आपण उचलून ठेवणारा एक छोटा भाग टाकायचा. प्रोसेसर तेवढा वेळ झोपू दे.”

“चिपवर जागा नाही,” मी म्हणालो. खरंच नव्हती, नखाच्या टोकावर आम्ही गाव वसवलं होतं.

“आहे. तुझा दुसरा मल्टिप्लायर काढ.”

दुसरा मल्टिप्लायर म्हणजे गुणाकार करणारा जादा भाग. पहिला एकीकडे गुंतलेला असताना दुसऱ्याने दुसरीकडे गुणाकार करायचा. माझी कल्पना, माझे अकरा महिने. तिने माझ्यापुढे कागद ठेवला. तासाभराच्या आवाजावर तिने मोजलं होतं: शंभर ठोक्यांपैकी तीन ठोके तो काम करत होता. “बाकी सत्त्याण्णव ठोके बसून वीज पितोय.”

माझं डोकंच फिरलं. “तुमचं सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं नाही म्हणून!”

“असेल,” ती शांतपणे उठली आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे ढकलली. “तू लिही.”

मी दोन दिवस तिच्या खुर्चीत बसलो. येणारे-जाणारे पाणी प्यायचे आणि बघायचे. जिद्दीने तिनाचे नऊ केले आणि छाती फुगवून तिला सांगितलं.

“नऊ? मला तीनच जमले होते. शाबास!” तिने ते मनापासून म्हटलं, हेच जास्त लागलं. “आता बॅटरी बघ.”

बॅटरी अडीच दिवसांवरून दोन दिवस चौदा तासांवर गेली होती. दोन तास. अकरा महिन्यांचे दोन तास.

घरी गेलो तर बायको म्हणाली, “चेहरा का पडलाय?”

“माझा मल्टिप्लायर जातोय.”

“कुठे?” तिने काळजीने विचारलं. मला हसू आलं नाही, पण पुढच्या दिवशी मी घाईबाईच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, “सात तारा कुठे घालायच्या ते बघू या.”

आराखडा कारखान्याला जायला पाच आठवडे उरले होते. साहेबांनी आमचं दोन मिनिटं ऐकलं. “डिझाइन पक्कं झालंय. आता बदल पुढच्या चिपमध्ये.”

“पुढची चिप दोन वर्षांनी,” ती म्हणाली. “तोवर लोकांनी काय करायचं? पलंगाखाली बॅटऱ्या शोधायच्या?”

“तुम्ही सॉफ्टवेअर सुधारा.”

“सुधारून झालं. तुमच्या माणसानेही सुधारून बघितलं. आता तुमची पाळी.”

मग आम्ही काय केलं, तर दोन्ही आराखडे, साहेबांचा आणि आमचा, एका खोक्यात भरले. या खोक्यात कोऱ्या पाटीसारखी एक चिप असते. तिच्यावर जो आराखडा चढवाल तसं ती वागते. प्रवासाच्या बॅगेएवढं खोकं, आत घरघरणारा पंखा, बाहेर वायरींचं जंजाळ. त्यातली एक वायर कानात घालायच्या बोंडीपर्यंत आणली. बोंडी घालून बसायला तिने आईला आणलं.

आई कडक इस्त्रीची, ताठ. खोक्याकडे बघून म्हणाली, “एवढं कपाट मी खांद्यावर घेऊन फिरू?”

“ही चिप नाही गं, चिपची रंगीत तालीम,” ताईने तिच्या कानाशी ओरडून सांगितलं.

सकाळी अकरा वाजता, कँटीनमध्ये, तीन पंखे आणि गप्पा मारणारी आठ माणसं असा गोंगाट करून आम्ही आईला सगळ्यांकडे पाठ करून बसवलं. साहेबही आले, न येऊन चाललं नसतं. कोणता आराखडा चालू आहे ते आईला माहीत नव्हतं. साहेबांनीच मागून वर्तमानपत्र वाचायचं आणि तिने ऐकलेलं बोलून दाखवायचं.

पहिल्यांदा साहेबांचा आराखडा. आई चार शब्द बोलली, थांबली, पुन्हा तीन शब्द बोलली. “तुटतंय,” म्हणाली. “एक्स्चेंजमध्ये लाइन खराब असली की असं व्हायचं. माणूस बुडता बुडता बोलतोय असं वाटतं.” दोन्ही आराखड्यांना आम्ही बॅटरी आठवडाभर पुरेल एवढेच ठोके दिले होते; तेवढ्यात याचा प्रोसेसर आकडे जागेवर लावण्यात अडकला होता आणि आवाजाचे तुकडे गळत होते.

मग आमचा. आई सलग बोलत गेली. हवामान, एका पुलाची दुरुस्ती, कुणाची तरी बदली, सगळं जसंच्या तसं. तेव्हा साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, “म्हातारीला पढवून आणलंय.”

“नाही हो, साहेब,” आई भिंतीकडे बघतच म्हणाली. “पढवायला आधी ऐकू यावं लागतं.”

कँटीनचं छप्पर उडेल असे लोक हसले. साहेबांचे कान लाल झाले. “एका बाईच्या कानावरून चिप बदलत नाहीत.”

“बरोबर,” ताई म्हणाली. “म्हणून आकडे पण आणलेत.” तिने सोळा पानं पुढे केली. साहेबांनी ती घेतली, न बघता टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

आराखडा कारखान्याला पाठवण्याआधी एक फॉर्म भरावा लागायचा. त्यावर ‘सॉफ्टवेअरच्या दृष्टीने आराखडा मान्य’ अशी एक ओळ होती. तिथे आजवर खालचं कोणीतरी न वाचता सही करायचं. साहेबांनी तो तिच्यापुढे ठेवला.

“सही.”

“नाही.”

“ताई, हा नुसता उपचार आहे.”

“मग माझ्याशिवाय उरकेल की.”

“दुसरं कोणी करेल.”

“करू दे. पण माझं नाव खोडून करू दे, आणि का खोडलं तेही शेजारी लिहू दे.”

खाली तिघे जण सही करू शकत होते. एकाचं पोट बिघडलं, एकाची अचानक रजा निघाली, आणि तिसरा म्हणाला, तिने सोळा पानं लिहिलीत, मी एकही वाचलेलं नाही. मी कशी करू? साहेबांनी फॉर्म माझ्याकडे आणला. माझ्या भागासमोर माझी सही लागायची. मी काही शूर माणूस नाही. साहेबांनी मला नोकरीला घेतलं होतं, काम शिकवलं होतं, माझ्या लग्नाला आले होते. पेन हातात होतं. मी म्हणालो, “साहेब, माझा मल्टिप्लायर काढून टाका. मग करतो.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्याच माणसाने कडी लावून त्यांना बाहेर ठेवलंय.

प्रकरण कंपनीच्या मालकीणबाईंपर्यंत गेलं. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

“किती दिवस लागतील?” त्यांनी विचारलं.

“तीन आठवडे,” मी म्हणालो.

“पण कारखान्यातली आपली पाळी जाईल,” साहेब म्हणाले. “पुढची दोन महिन्यांनी.”

मालकीणबाई ताईकडे वळल्या. ती म्हणाली, “दोन महिने उशिरा आलेलं यंत्र आठवडाभर चालेल. वेळेवर आलेलं तिसऱ्या दिवशी खणात पडेल. कोणतं विकायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्यावर माझं नाव नको, एवढंच.”

“आणि तुम्ही चुकलात तर?”

“तर नाव आहेच माझं त्यावर. शोधायला लांब जावं लागणार नाही.”

मालकीणबाईंनी ती सोळा पानं मागवली. संध्याकाळी निरोप आला: बदल करा.

चिप एका सोमवारी सकाळी आल्या. ताईचं सॉफ्टवेअर तयारच होतं; वर्षभर खोट्या चिपवर आणि खोक्यात घोटून घोटून तयार केलेलं. पावणेदहाला आम्ही पहिली चिप बसवली, सॉफ्टवेअर चढवलं, बॅटरी घातली. काहीच नाही. ना आवाज, ना खरखर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी तारा तपासल्या, तिने पहिल्या ओळीपासून प्रोग्राम तपासला. ती खुर्चीवरून उठली नाही. दारात सगळा मजला जमला. साहेब हाताची घडी घालून उभे होते.

चाळिसाव्या मिनिटाला ते पुढे आले, बॅटरी काढली, उजेडात धरली आणि नखाने तिच्यावरची बारीक चिकटपट्टी सोलली. या बॅटऱ्यांना हवा लागते. पट्टी काढल्याशिवाय त्या जाग्याच होत नाहीत. साहेबांनी ती परत आत घातली आणि बोंडीतून मजल्यावरच्या सगळ्यांची कुजबुज स्पष्ट ऐकू आली.

“थँक यू,” ती म्हणाली.

“पट्टी काढायची असते,” साहेब म्हणाले आणि गेले.

आधीच्या चिपला पहिला आवाज निघायला सात महिने लागले होते. बॅटरी मात्र सात दिवस चालली नाही. सहा दिवस आणि काही तास. तिला ते गालावर चापट बसल्यासारखं लागलं. कोणी काही म्हणायच्या आधी तिनेच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कमी पडले. खोट्या चिपमध्ये आम्ही मेमरीला लागणारी वीज कमी धरली होती. चूक दोघांची होती. तीन आठवडे आम्ही प्रोग्राम पिळत बसलो. मेमरीत जाणं-येणं कमी केलं, दोन कामं एका फेरीत बसवली. साडेसात दिवस झाले तेव्हा तिने फळा पुसला.

पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक कंपनीची माणसं आली. साहेबांनी मोठ्या पडद्यावर चित्र दाखवलं. “चिप आणि सॉफ्टवेअर हातात हात घालून वाढतात,” ते म्हणाले, “ही आमची जुनी पद्धत.”

ती मागच्या रांगेत उभी राहिली. “जुनी नाही. गेल्या वर्षीची. आणि तुम्ही तिला नाही म्हणाला होतात.”

मी जमिनीकडे बघत राहिलो. पाहुण्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “खरं आहे ते. आम्ही नाही म्हणालो होतो.” साहेबांनी पुढचं चित्र लावलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

वर्षअखेरीच्या शेऱ्यात तिच्या नावापुढे आलं: ‘काम उत्तम. वरिष्ठांशी वाद घालते.’ बढती मिळाली नाही. मी म्हणालो, तक्रार करा. “का?” ती म्हणाली. “दोन्ही वाक्यं बरोबर आहेत.” तिने एकच गोष्ट मागून घेतली: पुढच्या चिपचं काम दोन्ही मजल्यांनी एकाच दिवशी, एकाच खोलीत सुरू करायचं. मालकीणबाईंनी ते दिलं.

त्या दिवशी आम्ही अकरा जण एका लांब टेबलाभोवती बसलो. फळा कोरा होता. साहेबांनी पहिला चौकोन काढला, त्यात मेमरी लिहिलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, “एवढी पुरेल?”

“निम्मी पुरेल,” ती म्हणाली.

“निम्मी? तुम्हाला वेड लागलंय का?”

“दाखवते,” म्हणत ती उठली, आणि दोघांचं जे जुंपलं ते जेवायची सुट्टी झाली तरी थांबेना.